हुलग्याची कैफियत

संपादक महाशय,


मागील अंकातील पत्रलेखकांनी सोयाबीनला सर्व कडधान्यांचे शिरोमणिपद देऊन हुलगा हे केवळ जनावरांचे खाद्य ठरविले, त्याचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. प्रथिनांच्या बाबतीत सोयाबीन सर्वश्रेष्ठ, हे निर्विवाद कबूल आहे. शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत त्याची प्रथिने चाळिसाच्या आसपास भरतात, तर मसूर, मटकी व हुलगा यांची २२ ते २५ ग्रॅमच. परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत हुलग्याच्या नावे २८७ मिलिग्रॅम कॅल्शियम नमूद असून तो आकडा सोयाबीनच्या २४० हून अधिक आहे, याची दखल पत्रलेखकांनी घेतलेली नाही.

शिवाय अन्नाचे मूल्य एकट्या दाण्यावर नव्हे, तर ताटातील संगतीवर ठरते: ज्वारीत उणे असलेले लायसिन कडधान्य पुरविते, आणि कडधान्यात उणे असलेले मेथिओनिन ज्वारी भरून काढते, म्हणून भाकरीबरोबरचा अख्खा मसूर किंवा हुलग्याचे माडगे हा आपल्या पूर्वजांच्या अनुभवसिद्ध शहाणपणाचाच दाखला होय. आपल्या कोल्हापुरी मिसळीतील मटकीला मोड आणल्याने तिच्यातील क जीवनसत्त्व वाढते, लोहाच्या शोषणास अडथळा करणारे फायटिक आम्ल घटते, आणि वर पिळलेले लिंबू त्या शोषणास साहाय्यच करते.

सोयाबीन अवश्य खावे, मात्र नीट शिजवून. पण त्याच्या गौरवासाठी अल्प पाण्यावर, हलक्या रानात येणाऱ्या गरिबाच्या हुलग्याला आपल्या स्वयंपाकघरातून बेदखल करू नये, एवढीच कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर