फळीवरचे शेजारी

एका दुकानात मागे आम्हाला किरण नगरकरांचे ‘सात सक्कं त्रेचाळीस’ अंकलिप्यांच्या आणि पाढ्यांच्या पुस्तकांमध्ये उभे असलेले दिसले. दुकानात नव्याने लागलेल्या पोराने नाव वाचले, सात सक्कं म्हणजे पाढेच, असा सरळ हिशेब केला आणि १९७४ सालची ही कादंबरी पहिली-दुसरीच्या फळीवर नेऊन ठेवली. उत्तर एकाने चुकले आहे, हेही त्याच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही दुकानात शिरलो होतो ते एका भाचीसाठी उजळणी घ्यायला. बाहेर पडलो तेव्हा पिशवीत उजळणी नव्हती, पण भलतीच तीन पुस्तके होती. पुस्तकांच्या दुकानात गेलेल्या माणसाचे साधारण असेच होते.

२३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. युनेस्कोने तो १९९५ साली ठरवला. शेक्सपिअर आणि सर्व्हांतिस या दोघांच्या मृत्यूची म्हणून १६१६ सालची हीच तारीख सांगितली जाते. इंग्लंड आणि स्पेन यांची पंचांगे तेव्हा वेगळी असल्यामुळे तारीख एक आली तरी दिवस एक नव्हता, ही त्यातली गंमत. स्पेनमधल्या कातालोनियात युनेस्कोच्याही कितीतरी आधीपासून या दिवशी रस्तोरस्ती पुस्तकांची टेबले लागतात आणि लोक एकमेकांना पुस्तक आणि गुलाब देतात. आपल्याकडे या दिवशी बहुधा व्याख्यान होते. विषय ‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ आणि श्रोत्यांत नेमके तेच, जे आधीपासून वाचत आहेत. त्या ऱ्हासाची चर्चा आज इतरांवर सोपवून आम्ही एका लहानशा गोष्टीबद्दल बोलणार आहोत. ती म्हणजे काही घ्यायचे ठरवलेले नसताना पुस्तकांच्या फळीपुढे उभे राहणे.

मराठीत याला ‘चाळणे’ हा नेमका शब्द आहे. पीठ चाळतात, रेती चाळतात आणि पुस्तकही चाळतात. हात हलत राहतो, बरेचसे खाली गळून जाते आणि थोडे वर उरते. चाळणारा माणूस वाचत नसतो आणि वेळही वाया घालवत नसतो. तो मुखपृष्ठ बघतो, मलपृष्ठावरचा मजकूर अर्धाच वाचून त्यावर विश्वास ठेवत नाही, अर्पणपत्रिकेवर क्षणभर थांबतो, आवृत्ती कितवी ते पाहतो आणि मधलेच एखादे पान उघडतो. त्या मधल्या पानावर लेखक बेसावध सापडतो. पहिले पान सगळेच लेखक अंघोळ करून, केस विंचरून लिहितात. एकशे सदतिसाव्या पानावर माणूस जसा आहे तसा भेटतो.

हे चाळणे दुकानदाराला रुचेलच असे नाही. मुंबईच्या टी. एन. शानभागांची गोष्ट सांगतात ती अशी : तरुणपणी एका दुकानात पुस्तके चाळत असताना त्यांना बाहेर काढण्यात आले. तो अपमान त्यांनी मनात धरला आणि १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमाच्या आवारात स्वतःचा छोटासा स्टॉल टाकला. तिथे कुणीही यावे, हवे ते पुस्तक काढावे, हवा तितका वेळ पाहावे. पुढे फोर्टमध्ये गेलेला हा स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली बंद होईपर्यंत मुंबईतल्या किती तरी पिढ्यांचा शनिवार तिथे गेला. २००३ साली शानभागांना पद्मश्री मिळाली. (गिरगावातला मॅजेस्टिक बुक स्टॉलही मॅजेस्टिक सिनेमाचेच नाव लावणारा. मुंबईत पुस्तकांनी सिनेमाच्या सावलीत संसार मांडला, यावर कुणीतरी कधी लिहायला हवे.)

फळी उघडी असणे हा फार मोठा फरक आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये जाऊन पाहा. काउंटरवर चार ओळींत माणसे, हातात शाळेची यादी, आणि आतला मुलगा यादी पाहून गठ्ठा बांधून देतो. ते कामही उत्तमच होते. पण काउंटरपलीकडच्या दुकानात जे पुस्तक तुम्हाला ठाऊक नाही ते तुम्ही मागू शकत नाही. जे अवचित सापडणार असते ते काउंटरच्या पलीकडेच राहते. ग्रंथपालनाचे आचार्य एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगतो आणि तिसरा त्याच्या उलट दिशेने येतो : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. कपाटे उघडी ठेवा, असा त्यांचा आग्रह होता तो या तिसऱ्या नियमापोटी. आपल्याकडच्या अनेक वाचनालयांत अजून कुलूपबंद काचेची कपाटे आहेत आणि किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले असतात.

उघड्या फळीवर शेजार जमतो आणि मराठी फळीवरचा शेजार तर खासच असतो. आडनावाप्रमाणे पुस्तके लावली की देशपांड्यांचा एक वाडाच उभा राहतो. कुणीतरी ‘व्यक्ती आणि वल्ली’ घ्यायला येतो. पुलंच्या शेजारी सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ असते. ते ठाऊक असते, म्हणून हात पुढे जातो. पुढे कुसुमावती देशपांडे, ज्या १९६१ साली साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि आज ज्यांचे पुस्तक मागायला सहसा कुणी येत नाही. त्यांच्या अलीकडे गौरी देशपांडे. ‘एकेक पान गळावया’ हे नाव वाचून हात थांबतो. हसण्यासाठी आलेला माणूस तिथेच उभ्या उभ्या दहा पाने वाचतो आणि चेहरा बदलून काउंटरकडे जातो. या चौघांना एकत्र आणले ते केवळ आडनावाने. कोणत्याही समीक्षकाने त्यांना असे ओळीने बसवले नसते. जोश्यांचेही तसेच. लक्ष्मणशास्त्री आणि महादेवशास्त्री यांच्यामध्ये चिं. वि. जोशी, म्हणजे चिमणराव दोन शास्त्र्यांच्या मधोमध. आणि चिमणरावाचा हा जनक स्वतः पालीचा पंडित होता, म्हणजे तोही तिथे अगदीच परका नाही.

मोबाइलवरचे दुकानही सुचवते, ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’. त्याच्यावर आमचा राग नाही, आम्हीही तिथून मागवतो. पण ते आपल्याला आपल्याचसारख्यांकडे नेते. आडनावाची फळी कुणाकडेही नेते.

आणि आता खरे बोलायचे ते याबद्दल. काही वर्षे असे चाळत राहिले की एक बदल होतो. आपण स्वतःसाठी पुस्तके शोधणे हळूहळू सोडतो. हातात पुस्तक येते आणि मनात एखादा माणूस येतो. ‘बनगरवाडी’ची नवी आवृत्ती दिसते आणि आठवते की ओळखीतल्या एका मुलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली नेमणूक मिळाली आहे, दोन वाड्यांच्या मधल्या शाळेवर. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत आलेल्या पोरसवदा मास्तराची ही १९५५ सालची गोष्ट तिने आत्ताच वाचायला हवी, पाच वर्षांनी नव्हे. ‘रारंग ढांग’ दिसते आणि हिमालयात रस्ते बांधून निवृत्त झालेले, आता सोसायटीच्या पार्किंगवरून भांडणारे एक गृहस्थ आठवतात. ‘स्मृतिचित्रे’ दिसते आणि एक काकू आठवतात, ज्या म्हणतात की मला बाई जड काही झेपत नाही. लक्ष्मीबाई टिळकांइतके हलक्या हाताने स्वतःच्या संसारावर हसलेले त्यांनी वाचलेलेच नाही. गिरीश कुबेरांचे ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’ आम्ही एका पेट्रोल पंपवाल्याला दिले होते. सहा महिन्यांनी त्याने आम्हालाच तासभर तेलाचे राजकारण समजावले, पुस्तक मात्र परत केले नाही.

म्हणजे रंगनाथनांचा तिसरा नियम दुकानात आलेले गिऱ्हाईकच पाळत असते. पुस्तक फळीवर वाट पाहत असते आणि त्याचा वाचक कुठे राहतो ते आपल्याला ठाऊक असते. शिफारस म्हणजे हा पत्ता सांगणे. ‘उत्तम आहे, नक्की वाचा’ हे कुणालाही म्हणता येते आणि त्याने कुणीही वाचत नाही. ‘हे तुझे आहे’ असे म्हणायला पुस्तकही माहीत असावे लागते आणि माणूसही. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ सुरू केले तेव्हा त्या मासिकाला ही जाण होती. त्यात ‘ठणठणपाळ’ होऊन जयवंत दळवी लेखकांच्या टोप्या उडवत होते आणि वाचक, विक्रेता, लेखक हे सगळे एकाच गावचे असल्यासारखे त्यात वावरत होते. जुने दुकानदारही याच जातीचे. तुम्ही काय विकत घेता यापेक्षा काय हातात घेऊन परत ठेवता यावर त्यांची नजर असते. तिसऱ्या भेटीत ते स्वतःच एक पुस्तक काढून पुढे करतात आणि किंमत सांगत नाहीत.

या सगळ्याला पैसे पडतात, ते मात्र दुकानदाराचे. तीन वर्षे फळीवर उभे असलेले पुस्तक म्हणजे अडकलेली रक्कम आणि त्याच्या पायाखालच्या वीतभर जागेचे भाडे. म्हणून फळीवर खपणाऱ्या पुस्तकांचीच गर्दी होत जाते, स्पर्धा परीक्षा पुढे सरकतात आणि कविता जिन्याखाली जातात. अशा वेळी दुकानात अर्धा तास चाळून, मुखपृष्ठाचा फोटो काढून, दाराबाहेर पायरीवरच मोबाइलवरून चाळीस रुपये स्वस्तात तेच पुस्तक मागवणारे जे कोणी आहेत, त्यांना आम्ही इतकेच सांगू : पायरी तरी उतरा.

तालुक्याच्या गावी तर फळीच नाही. तिथे पुस्तकांचे दुकान म्हणजे वह्या, कंपासपेट्या, गाइडे आणि फार तर कॅलेंडरे. वर्षातून कधीतरी मंगल कार्यालयात आठ दिवसांचे प्रदर्शन लागते, लग्नाच्या पंगतीची टेबले पुस्तकांनी भरतात आणि माणसे खरोखर ताटावर बसल्यासारखी त्यांच्यावर ओणवी होतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरच्या भिलारला ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणतात. तिथल्या लोकांनी आपल्या राहत्या घरांत फळ्या लावून घेतल्या, तिथे परक्याच्या पडवीत बसून हवे तितके चाळता येते. स्ट्रॉबेरीच्या गावाने हे केले. ऊस, कांदा आणि द्राक्षे यांच्या गावांतही पडव्या आहेत.

‘सात सक्कं त्रेचाळीस’ त्या दिवशी आम्ही पाढ्यांतून उचलले आणि कादंबऱ्यांच्या फळीकडे निघालो. अर्ध्या वाटेत पाय थांबले. तिकडे त्याला सगळे ओळखतातच. परत येऊन ते अंकलिपीच्या शेजारी, कणा नीट बाहेर दिसेल असे, पूर्वीच्याच जागी ठेवले. एखाद्या पोराचा बाप उजळणी घ्यायला येईल.