अनुदान एका झाडाला नको, बागेच्या थरांना द्या

१. अन्नवन म्हणजे काय, हे कोकण-गोव्याला बाहेरून येऊन कुणी शिकवायला नको. फोंडा, सांगे, काणकोणच्या कुळागरांत डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने खेळवतात. वर माड-पोफळी, पोफळीवर मिरवेल, मधे केळी, खाली अननस, सुरण, अळू, हळद. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राने तेच मोजूनमापून 'लाखी बाग' म्हणून मांडलं: साडेसात मीटरवर माड, त्यांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी. नाव जरा जाहिरातीचं वाटतं, पण आखणी पक्की आहे.

२. सरकारी फळबाग योजना मात्र एकाच झाडाचा हिशेब धरते. १९९० पासून रोजगार हमीतून हापूस-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. त्यातून पैसा आला, हे नाकारू नये. पण सगळं वर्ष एका मोहोरावर टांगलं गेलं. अवकाळी पाऊस किंवा तुडतुडा आला की हिशेब कोसळतो. दहा मीटरवर लावलेल्या हापूसची हेक्टरी १०० कलमं बसतात आणि सुरुवातीची काही वर्षं मधली जमीन उघडीच राहते. सातबाऱ्यावर मिश्र पिकाचा रकाना आहे, मग अनुदानाच्या अर्जात का नसावा?

३. रोपं वाटताना डोकं वापरा. जायफळ आणि कोकम यांत नर-मादी झाडं वेगळी असतात. बियांची रोपं लावली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं गेलेली असतात. मादी झाडांची कलमं आणि परागीभवनापुरते थोडे नर, असाच संच रोपवाटिकेने द्यावा. जायफळ फळेपर्यंत केळी, अननस, हळद यांवर घर चालतं. म्हणून ही पिकंही अनुदानाच्या पहिल्याच हप्त्यात धरा.

४. कोरड्या कातळावर लाखी बाग होत नाही. तिथे काजू, करवंद, जांभूळ यांचाच थर बसवावा.

५. पण फळं फस्त करणाऱ्या माकडांचं काय? आक्षेप खरा आहे. पण मिरी-दालचिनीला ती फारशी शिवत नाहीत, हेही मिश्र बागेच्याच बाजूने बोलतं.

६. सार्वजनिक जमिनीवर अकेशिया लावणं आता थांबवा. त्याचा ना गुरांना चारा, ना माणसांना फळ. त्या जागी फणस, कोकम, जांभूळ लावण्याचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा; तेव्हा मंजूर झाला तरच जूनपर्यंत खड्डे आणि कलमं तयार होतील.