न दिसणारे दुखणे

हाताला प्लास्टर असलेला माणूस बसमध्ये चढला, की कोणीतरी उठून त्याला जागा देते. कुबड्या घेऊन येणाऱ्याला लोक आपण होऊन वाट करून देतात. परंतु ज्याचे सांधे आतून सुजले आहेत, सकाळी उठल्यावर तासभर ज्याची मूठ वळत नाही, त्याला मात्र ‘दिसता तर धडधाकट!’ असेच ऐकावे लागते. संधिवाताच्या रुग्णाला दुखणे सोसावे लागतेच. शिवाय ते खरे आहे हे पटवून देण्याचे कष्टही त्यालाच घ्यावे लागतात. म्हणूनच या रुग्णांच्या बाबतीत आपले पहिले कर्तव्य त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचे आहे, आणि दुसरे, त्या विश्वासाला नियमांचे व सोयींचे रूप मिळावे म्हणून आग्रह धरण्याचे आहे, असे मला वाटते.

‘संधिवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे’ हा समज अपुरा आहे. वाढत्या वयात सांध्यांची झीज होते हे खरे. पण आमवात हा निराळा आजार आहे. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक प्रमाणात होतो आणि अनेकदा ऐन कर्तेपणाच्या वयात गाठतो. काही प्रकारचे संधिवात तर लहान मुलांनाही होतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली घरोघरी जाऊन एक पाहणी सुरू करण्यात आली. तीत दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला आमवात असल्याचे आढळले. पहिल्या काही महिन्यांतच योग्य उपचार सुरू झाले, तर सांधे वाकडे होणे पुष्कळ अंशी टाळता येते. दुर्दैवाने नेमके हेच महिने तेल चोळण्यात आणि ‘होईल बरे’ म्हणण्यात निघून जातात.

माझ्या थोरल्या बहिणीचे असेच झाले. ती शिक्षिका होती. चौतिसाव्या वर्षी फळ्यावर लिहिताना तिच्या हातून खडू निसटू लागला. ‘कामाचा ताण आहे’ असे आम्ही घरच्यांनीच ठरवून टाकले. निदान होईपर्यंत दोन वर्षे उलटली होती आणि बोटे वाकू लागली होती. पुढे एकदा ती स्वतःच्या खात्यातून पैसे काढण्यासाठी बँकेत गेली, तेव्हा सही जुळत नाही म्हणून तिला परत पाठवण्यात आले. मी सोबत होते. पायऱ्या उतरताना ताई एवढेच म्हणाली, “अगं, हात तर माझाच आहे ना?”

आजारपणामुळे सही करू न शकणाऱ्या खातेदाराला दोन साक्षीदारांच्या समक्ष अंगठा उमटवून पैसे काढता येतात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, हे मला फार उशिरा कळले. नियम होता, तो त्या कर्मचाऱ्याला ठाऊक नव्हता आणि आम्हांलाही नव्हता. दरवर्षी १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन पाळला जातो. त्या दिवशी फेऱ्या निघतात, भाषणे होतात. ते योग्यच आहे. परंतु असे नियम बँकेच्या खिडकीपर्यंत आणि रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचवणे हे जनजागृतीचे अधिक मोलाचे काम होय.

काही जण म्हणतील, की देशापुढे याहून भयंकर रोग आहेत; संधिवाताने माणूस सहसा दगावत नाही. हे मान्य केले, तरी विडी वळणारी, भात लावणारी किंवा टोपल्या विणणारी स्त्री बोटे आखडताच त्या दिवसाच्या मजुरीला मुकते. तिच्या दृष्टीने हा आजार किरकोळ कसा म्हणावा?

संघटित मागणीला फळ येते, असा अनुभव आहे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. त्यामागे अपंग व्यक्तींनी व त्यांच्या संघटनांनी दीर्घकाळ केलेला पाठपुरावा होता. २०१७ साली कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली. मात्र या एकवीस प्रकारांत संधिवाताचे स्वतंत्र नाव नाही. हालचालीत कायमचे वैगुण्य आल्यास त्याचे मोजमाप होते. सकाळी असह्य आणि दुपारी थोडी सुसह्य होणारी वेदना त्या मापात बसत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात लवकर निदान व्हावे, औषधे अखंड मिळावीत आणि अशा वेदनेचाही विचार व्हावा, या मागण्या ग्रामसभेपासून संसदेपर्यंत मांडल्या गेल्या पाहिजेत.

तोवर आपल्या हाती काहीच नाही असे नाही. घरात फिरकीच्या नळाऐवजी दांडीचा नळ, जाड मुठीची सुरी, बसण्यास थोडी उंच खुर्ची आणि शौचालयात धरण्यासाठी दांडा एवढ्याने रुग्णाचा दिवस हलका होतो. कामाच्या ठिकाणी मध्येच उठून पाय मोकळे करण्याची मुभा असावी. आणि ज्यांना लिहिता येते, त्यांना आणखी एक गोष्ट करता येईल. शेजारी एखाद्याची बोटे वाकली असतील, तर त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याचा अर्ज लिहून द्यावा. शब्द त्याचे असावेत, हात आपला असावा.