‘वन टू वन’ म्हणजे उत्तम अँटेना नव्हे

गच्चीवर अँटेना बांधायचा, कोॲक्सचे खालचे टोक ॲनालायझरला जोडायचे आणि पडद्यावर एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे जुळणीचा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १ च्या जवळ दिसला की काम फत्ते, अशी समजूत हॅम (हौशी रेडिओ) मंडळींत पक्की रुजली आहे. तिच्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. एसडब्ल्यूआर वाढला की आजचे बहुतेक ट्रान्समीटर आपली पॉवर आपोआप उतरवतात. म्हणून रेडिओपाशी हा आकडा कमीच हवा. पण त्यावरून अँटेना चांगला ठरवणे साफ चूक आहे.

डमी लोडचेच पाहा. ५० ओहमचा हा रोध प्रत्येक बँडवर एसडब्ल्यूआर १ च्या जवळ दाखवतो आणि जवळजवळ सगळी पॉवर उष्णतेत घालवतो.

कोॲक्सही असाच चकवा देते. आरजी-५८ ची ३० मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झवर जाताना सुमारे ६ डेसिबल खाते आणि टोकावरून परावर्तित झालेली पॉवर परतताना तेवढेच. वरचा अँटेना काढून टोक उघडे ठेवले तरी खाली १.७ च्या आसपास आकडा येतो. अँटेनाच नाही, आणि आकडा मात्र ‘चालेल’ असा! पावसाळ्यात कनेक्टरमधून पाणी शिरले की केबलचा तोटा वाढतो. तेव्हा दिवाळीच्या सुमारास एसडब्ल्यूआर आपोआप ‘सुधारलेला’ दिसला, तर आधी केबल तपासावी.

सर्वांत बोलका दाखला जमिनीवरच्या पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनाचा. त्याचा विकिरण रोध सुमारे ३६ ओहम. रेडिअल (पायथ्यापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) मोजकेच असतील आणि जमिनीतला तोटा १४ ओहम असेल, तर बेरीज ५० होते आणि एसडब्ल्यूआर बरोबर १ येतो. पण २८ टक्के पॉवर मातीत जाते. आणखी रेडिअल अंथरले की तोटा घटतो, एसडब्ल्यूआर १.४ कडे सरकतो, आणि अँटेना सुधारतो! वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून ‘क्यूएसटी’ मासिकात लेखमाला लिहून कमी एसडब्ल्यूआरच्या या हव्यासावर टीका केली होती. तो अजून सुटलेला नाही.

मग ॲनालायझर कुचकामी आहे का? मुळीच नाही. तो आपल्या पोर्टवर दिसणारा इम्पीडन्स इमानाने मोजतो. मोजणीची जागा आपण ठरवायची असते. केबलच्या लांबीप्रमाणे इम्पीडन्स बदलत जातो. ७.१ मेगाहर्ट्झवर साध्या पॉलिथिलीन कोॲक्समध्ये तो दर १४ मीटरनी जवळपास पुन्हा तोच येतो, मधल्या लांबीवर वेगळा. म्हणून नॅनोव्हीएनएसारख्या यंत्राचे कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करावे: ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड तिथेच लावून. मोजायचा पट्टा बदलला की ते पुन्हा करावे. मग रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स वेगवेगळे वाचावेत. रिॲक्टन्स शून्य होतो तिथे अनुनाद, आणि तिथला रेझिस्टन्स अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर तोट्याचा संशय घ्यावा. केबल मुठीत धरताच आकडा हलला, तर तिच्या बाहेरच्या जाळीवरून प्रवाह वाहतो आहे असे समजावे आणि फीड पॉइंटला चोक बसवावा.

एसडब्ल्यूआर आपल्याला एवढेच सांगतो की रेडिओ सुखात आहे की नाही. अँटेना पॉवर हवेत सोडतो आहे की नाही, हे कळायला रेझिस्टन्स, केबलचा तोटा आणि जमीन यांचा हिशेब मांडावाच लागतो. नव्या हॅमच्या हाती ॲनालायझर देताना हा हिशेबही शिकवणे हे जुन्यांचे कर्तव्य आहे.