क्षयरुग्णाची नोंद : चिठ्ठी दिली म्हणजे काम संपले काय?

दोन आठवडे उलटूनही खोकला हटत नाही, सायंकाळी ज्वर येतो, वजन उतरत चालले आहे, असा रुग्ण आला की आपल्यापैकी बहुतेक वैद्य त्यास थुंकीच्या तपासणीस पाठवितात. निदान क्षयाचे निघाले की तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली जाते. येथे आपले काम संपले, अशी समजूत वैद्यवर्गात रूढ आहे. ती चुकीची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

केंद्र शासनाने ७ मे २०१२ च्या आदेशाने क्षयरोग्याची नोंद बंधनकारक केली. त्यात स्वतंत्र व्यवसाय करणारे चिकित्सकही आले. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्रयोगशाळा व औषधविक्रेते यांनाही बांधून घेतले आणि कसुरीसाठी दंडसंहितेच्या २६९ व २७० या कलमांचा निर्देश केला. (१ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेतील २७१ व २७२ या कलमांनी घेतली आहे.) थुंकीत जंतू सापडले तरच नोंद करावयाची, हाही गैरसमजच, लक्षणांवरून झालेले निदानही नोंदीस पात्र आहे.

प्रत्यक्षात काय घडते? वैद्य म्हणतो, तज्ज्ञ नोंद करतील. तज्ज्ञ म्हणतात, प्रयोगशाळेने केलीच असेल. रुग्ण मात्र चिठ्ठी खिशात ठेवून गावी निघून जातो. एका रुग्णाची नोंद दोनदा झाली तर ‘निक्षय’ प्रणालीत ती जुळवून एक करता येते. एकदाही न झालेली नोंद कोणी व कशी शोधावी? नोंद झाली तर कर्मचारी घरी जातो, सहवासातील माणसांची तपासणी होते, लहान मुलांना प्रतिबंधक औषध मिळू शकते. पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देण्याची योजना आहे. राजयक्ष्म्यात बृंहणाचे महत्त्व आपणांस कोणी शिकवावयास नको. मग ते साहाय्य आपल्याच रुग्णास आपल्या मौनामुळे का नाकारले जावे?

संसर्गाची कल्पना आपल्याला परकी नाही. सुश्रुताने कुष्ठनिदानात कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद हे एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे व्याधी सांगितले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखून तो उघडपणे सांगणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हेही खाजगी व्यवसाय करणारेच होते.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. लग्नाच्या वयाच्या मुलीचे नाव सरकारदरबारी गेले तर बोभाटा होईल, ही आईबापांची भीती खोटी नाही. नोंद आरोग्य खात्याकडे जाते, शेजाऱ्यांकडे नव्हे, हे खरे. परंतु गृहभेटीस येणारा कर्मचारी दारात उभा राहून मोठ्याने रोगाचे नाव घेऊ लागला तर त्या वचनाला अर्थ काय? याबाबत खात्याकडे आग्रह धरणे हा आपला अधिकार आहे. आणि नोंद करण्यापूर्वी रुग्णास विश्वासात घेऊन ती का करीत आहोत हे सांगणे, हे वैद्याचे काम आहे; चांगल्या शब्दांत सांगितले तर बहुतेकजण ऐकतात. ‘नोंद केली की रुग्ण हातचा जाईल’ ही कुजबुजही आम्ही ऐकतो. क्षयावरील जंतुनाशक औषधांचा पूर्ण क्रम त्याला मिळालाच पाहिजे. त्यासोबत पथ्य, आहार, अग्निरक्षण यांसाठी तो आपल्याकडे येतच राहील.

संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने येत्या मासिक सभेस आपल्या भागातील क्षयरोग उपचार पर्यवेक्षकास निमंत्रित करावे, नोंदीचे नमुने व त्यांचा दूरध्वनी क्रमांक मागून घ्यावा. संगणकाची सवय नसलेल्या ज्येष्ठ वैद्यांनी कागदी नमुना भरून हस्ते पाठविला तरी चालतो.