उरलेला अर्धा मिली

शनिवारी मावसबहिणीकडे गेलो होतो. चहा पिता पिता ताई म्हणाली, "पुढच्या आठवड्यात ओठांचा टच-अप आहे. मागच्या वेळचं अर्धं फिलर उरलंय, डॉक्टरांनी माझ्या नावाने फ्रीजमध्ये ठेवलंय. इंजेक्शनचे पैसे द्यायचे नाहीत!" मी विचारलं, "ठेवलंय म्हणजे?" झालं, पुढचा तासभर वाद.

ताईचं दुखणं मला कळतं. एक मिलीची सिरिंज हजारोंच्या घरात जाते. टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने दाबून संपवणारी माणसं आपण, अर्धी सिरिंज कचऱ्यात कशी टाकणार? शिवाय बॉक्सवर एक्स्पायरी पुढच्या वर्षीची. पण बाईसाहेब, ती सीलबंद सिरिंजची! उघडल्यावर एकाच पेशंटला, एकाच वेळी वापरा आणि उरलेलं टाकून द्या, हेही कंपनीच लिहिते.

सुई त्वचेत जाते. रक्तवाहिनीत तर नाही ना गेली, हे बघायला डॉक्टर दट्ट्या किंचित मागे ओढतात. म्हणजे आतलं काहीतरी सिरिंजमध्ये येऊ शकतं. नंतर सुई बदलली तरी जेल तेच. फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त सुस्तावतात. आणि हे हायलुरॉनिक ॲसिडचं जेल शरीरात महिनोन्‌महिने राहतं. त्यावर जंतूंचा थर (बायोफिल्म) बसला की काही महिन्यांनी अचानक गाठ, सूज. अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही, मग बऱ्याचदा हायलुरॉनिडेज टोचून ते महागडं फिलरच विरघळवावं लागतं. वाचवलेले पैसे गेले की!

आता दुसरी बाजू. 2005 साली अमेरिकेतल्या काही त्वचारोगतज्ज्ञांनी वापरून साठवलेल्या अशा सिरिंज तपासल्या, त्यांत जंतू सापडले नाहीत. ताईच्या डॉक्टरांचाही सूर असाच, "इतकी वर्षं ठेवतोय, काही झालं नाही." आमच्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकतो, बहुतेक वेळा रिलीजच्या आदल्या रात्री :) टेस्टिंगमध्ये बग सापडला नाही याचा अर्थ बग नाही असा होत नाही.

मला खरी भीती जंतूंपेक्षा त्या फ्रीजची वाटते. माझ्या डेस्कटॉपवर 'फायनल', 'फायनल 2', 'नक्की फायनल' अशा फायली आहेत, त्यातली खरी कुठली ते मलाच आठवत नाही. क्लिनिकच्या फ्रीजमध्ये अशा वीस अर्ध्या सिरिंज आणि शाईने लिहिलेली, ओलाव्याने पुसट झालेली नावं... अमेरिकेत अल्बुकर्कीच्या एका विनापरवाना स्पामध्ये 2018 साली तपासणी झाली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी रक्ताच्या बिननावाच्या नळ्या आणि इंजेक्शनची औषधं सापडली. तिथे 'व्हॅम्पायर फेशियल' केलेल्या बायकांना एचआयव्ही झाला. ताईचं क्लिनिक तसं नाही, मान्य. पण उरलेलं जपून ठेवायची सवय लागली की चिठ्ठी बदलायला कितीसा वेळ लागतो?

अर्ध्या मिलीच्या आसपासच्या छोट्या सिरिंजही मिळतात, तशी मागव म्हटलं. तिने माझ्यासमोरच क्लिनिकला फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळेच ठेवतात."

अपॉइंटमेंट गुरुवारची आहे. ताईने ती अजून रद्द केलेली नाही.