पाहणे मालकाचे, खोलणे गॅरेजचे

मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडणारी पद्मिनी मोटार उपनगरांतील घराघरांत पोहोचली, त्या काळी पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर साफ करणे किंवा ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट जुळवणे ही कामे अनेक मालक सोसायटीच्या आवारातच उरकत असत. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चे इंजिनही प्रारंभी कार्ब्युरेटरवरच चालत असे. पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, इंधनाचे प्रमाण संगणकीय नियंत्रणाकडे गेले आणि गाडीची देखभाल म्हणजे केवळ गॅरेजचे काम, असा समज मालकांत व व्यावसायिकांतही रुजला. हा समज दोघांच्याही हिताचा नाही.

छोट्या गाडीच्या देखभालीत पाहणे आणि खोलणे ही दोन वेगळी कामे असून, त्यांपैकी पहिले आजही मालकाचेच आहे. थंड इंजिनावर डिपस्टिक पुसून ऑइलची पातळी तपासणे, टायरमधील हवा मोजणे, समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीत अडकलेला झाडांचा पाला काढणे, एवढ्यासाठी गॅरेज गाठावे लागत नाही. मात्र पाल्याने पाण्याची वाट तुंबून पावसाचे पाणी गाडीत शिरले, तर सतरंजीखालची वायरिंग सडू शकते. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर घरी काढता येतो, पण त्यासाठी ऋण टोक आधी सोडवावे लागते, कारण धन टोक सोडवताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्टसर्किट होते. ब्रेक ऑइलची पातळी मालकाने पाहावी. ते बदलणे मात्र गॅरेजवरच सोपवावे. हे द्रव हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि घाटात सतत ब्रेक लावताना त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल खाली जाण्याचा धोका असतो.

ही सीमा न कळल्याची किंमत पावसाळ्यात सर्वाधिक मोजावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तसा प्रलय दरवर्षी येत नाही, परंतु अंधेरी सबवेसारख्या सखल जागी मोठ्या पावसात पाणी भरतेच. अशा पाण्यात गाडी बंद पडली की घाबरलेला मालक पुन्हा स्टार्टर मारतो, एअर फिल्टरमार्गे सिलिंडरमध्ये आलेले पाणी हवेप्रमाणे दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टर मारला नसता, तर स्पार्क प्लग काढून, पाणी बाहेर टाकून आणि ऑइल बदलून ते इंजिन बहुधा वाचले असते.

असे इंजिन खोलण्याचे बिल मोठे होते हे खरे, परंतु गॅरेजचा संसार एका बिलावर चालत नाही. तो वर्षानुवर्षे परत येणाऱ्या ग्राहकावर चालतो. म्हणून बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या प्रत्येक गॅरेजचालकाने मे महिन्याच्या सर्व्हिसिंगनंतर किल्ली हाती देण्यापूर्वी बॉनेट उघडावे, काय पाहायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे मालकाला बोट ठेवून दाखवावे आणि बिलाच्या तळाशी एक ओळ ठळक अक्षरांत लिहावी : पाण्यात गाडी बंद पडल्यास स्टार्टर मारू नये, फोन करावा.